तीनचाकीला टायर कोणता घ्यावा?



आपल्या घरात तिवई असते आणि चौरंगही असतो. शेणाने सारवलेल्या खालीवर जमिनीवर चौरंग ठेवला, तर त्याचा एखादा पाय अधांतरी राहतो आणि तो डुगडुगतो. तिवई मात्र कशाही जमिनीवर ठेवा, तिचे तिन्ही पाय टेकतात. ती डुगडुगत नाही. पण तिवईच्या एका कडेवर जरा भार पडू द्या, चौरंगाच्या आधी ती कलंडते. आपल्या तीनचाकी गाडीचे गुण-अवगुण अगदी असेच आहेत. खड्ड्याखळग्यांच्या वाटेवर ती बिनतक्रार चालते, पण तोल गेला तर सावरायला फारसा वाव देत नाही. म्हणून तिच्या तीन पायांखाली कोणत्या मापाचे टायर असावेत, ही क्षुल्लक बाब नाही. आज त्याविषयीच चार गोष्टी सांगणार आहे.

ही गाडी मुळात मोटारसायकलीच्याच घरातली. पुढे एक चाक, हातात हँडल, मागे दोन चाके. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या मोटारसायकलींना मागे दोन चाकांची बैठक जोडून दिल्लीत ‘फटफट्या’ चालू लागल्या आणि त्या पुढे कित्येक वर्षे धावल्या. तिकडे इटलीत पियाजो कंपनीने आपल्या व्हेस्पा स्कूटरच्या धर्तीवर १९४८ साली ‘अ‍ॅपे’ नावाची तीनचाकी काढली. त्या भाषेत व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी आणि अ‍ॅपे म्हणजे मधमाशी! आपल्याकडे १९५९ साली बजाज कंपनीला दुचाकी व तीनचाकी गाड्या बनविण्याचा परवाना मिळाला. अ‍ॅपे तर आता आपल्या शेजारी बारामतीलाच तयार होते. आज मोहोळ, बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट, कोणत्याही बाजूला जा. कांदा, कडबा, दुधाचे कॅन, चादरींचे गठ्ठे, शाळेची मुले आणि पंढरीचे वारकरी, सगळ्यांना वाहून नेणारी ही तीनचाकीच.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. मी पुष्कळ वर्षे मुलांना यंत्रकाम शिकविले. माझा एक जुना विद्यार्थी मोहोळकडचा. कर्ज काढून त्याने मालवाहू तीनचाकी घेतली. धंदा बरा चालला. दोन वर्षांनी पुढचा टायर झिजला. हप्ता तोंडावर आलेला, हाताशी पैसा नाही. कोणीतरी सुचविले, ‘अरे, स्कूटरचा टायर घाल की! तोही दहाच इंची. निम्म्या पैशात काम होईल. अन् पुढच्या चाकावर असतोच कुठे भार?’ त्याला ते पटले. टायर रिमवर बसला, हवाही धरली, गाडी चालू लागली. मे महिना होता. भर दुपारी कांद्याच्या पिशव्या भरून तो सोलापूरच्या बाजाराकडे निघाला. पिशव्यांवर दोन बाया बसलेल्या, त्यांतली एक त्याची सख्खी चुलती. वळणावर शेळी आडवी आली, त्याने ब्रेक दाबला आणि पुढचा टायर फुटला. गाडी कुशीवर गेली. चुलतीचा हात मोडला. जीव वाचले, हेच नशीब.

मी भेटायला गेलो तेव्हा तो मान खाली घालून एवढेच म्हणाला, ‘सर, टायर तर बरोबर बसला होता हो!’

मंडळी, आजच्या भाषणाचे सार या एका वाक्यात आहे. टायर बसणे वेगळे आणि टायर पेलणे वेगळे. रिमवर बसला म्हणजे तो गाडीला चालला, असा हिशेब करू नका.

मग टायर पेलेल की नाही, हे ओळखायचे कसे? टायरच्या कुशीवरच ते लिहिलेले असते. अक्षरे आणि आकडे इंग्रजी असतात, पण चौथी-पाचवीतला मुलगाही ती वाचू शकेल. प्रवासी रिक्षांवर पुष्कळदा ४.००-८ असे माप दिसते. मालवाहू तीनचाकीवर ४.५०-१० हे माप नेहमीचे. यातला पहिला आकडा टायरची रुंदी, इंचांत. दुसरा आकडा रिमचा व्यास, तोही इंचांत. म्हणजे ४.५०-१० हा टायर साडेचार इंच रुंद आणि दहा इंची रिमवर बसणारा.

या जुन्या पद्धतीच्या मापांत टायरची उंची साधारण रुंदीएवढीच धरतात. तेव्हा चाकाची एकूण उंची काढणे सोपे आहे. रिमचे १० इंच, वरच्या बाजूचे साडेचार आणि खालच्या बाजूचे साडेचार, मिळून १९ इंच. तसेच ४.००-८ चे ८ अधिक ४ अधिक ४, म्हणजे १६ इंच. कारखान्यागणिक थोडा फरक पडतो, पण अदमास करायला हे पुरे.

आता त्या स्कूटरच्या टायरकडे वळू. त्याचे माप ३.५०-१०. रिमचा आकडा तोच, दहा. म्हणून तर तो बसला. पण रुंदी एक इंचाने कमी. चाकाची एकूण उंची १९ ऐवजी १७ इंच. म्हणजे गाडीचे नाक एक इंच खाली आले. शिवाय रुंद टायरसाठी केलेल्या रिमवर अरुंद टायर ताणून बसविला, की त्याच्या कुशी तिरप्या ओढल्या जातात. ही झाली मापाची गोष्ट. खरा घात भारात आहे.

भाराची खूण दोन तऱ्हेने लिहितात. एक तऱ्हा ‘पी. आर.’ची. ६ पी. आर., ८ पी. आर. असे शब्द आपण टायरवाल्याकडे ऐकतो. सोलापूरसारख्या सुताच्या गावात ही गोष्ट समजावून सांगायला अवघड नाही. पूर्वी टायरच्या पोटात सुती दोऱ्याच्या कापडाचे थर घालीत. जितके थर जास्त, तितका टायर मजबूत. आता सुताच्या जागी नायलॉन आले आणि थोड्या थरांत तेवढेच बळ मिळू लागले. पण मोजण्याची जुनी भाषा राहिली. ८ पी. आर. म्हणजे आठ सुती थरांइतके बळ. आत प्रत्यक्ष आठ थर असतीलच असे नाही.

दुसरी तऱ्हा भाराच्या अंकाची. मापाच्या शेजारी दोन आकडे आणि एक अक्षर असते, जसे ७५ जे. ७५ म्हणजे ७५ किलो नव्हे, बरं का! तो कोष्टकातला क्रमांक आहे. ७० म्हणजे ३३५ किलो, ७५ म्हणजे ३८७ किलो, ८० म्हणजे ४५० किलो. एका टायरने, पुरेशी हवा असताना, जास्तीत जास्त पेलायचा भार. पुढचे अक्षर वेगाचे. ‘जे’ म्हणजे ताशी १०० किलोमीटरपर्यंत.

स्कूटरच्या ३.५०-१० टायरवर पुष्कळदा ५१ किंवा ५९ हा अंक असतो. ५१ म्हणजे १९५ किलो आणि ५९ म्हणजे २४३ किलो. आता समजा, भरलेल्या तीनचाकीच्या पुढच्या चाकावर २७० किलो भार येतो. गाडी नुसती उभी असतानाच टायर आपल्या ताकदीबाहेर गेला. आणि ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढे झेपावते. मागे दोन चाके ते वाटून घेतात, पुढे मात्र बिचारे एकटे चाक! ‘पुढच्या चाकावर भार नसतो’ हा समज किती महागात पडतो, हे यावरून ध्यानात येईल. त्यात आपल्याकडचा मे महिना. पारा चाळिशीच्या वर, डांबर तापलेले. ताकदीबाहेर दबलेला टायर प्रत्येक फेऱ्याला मुडपतो, मुडपल्याने आतून तापतो आणि तापून तापून एका क्षणी दगा देतो.

आता कोणी म्हणेल, माझ्या गाडीच्या चाकावर किती भार येतो, हे मला कसे कळावे? आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांना तोटा नाही आणि कारखाना आला की वजनकाटा आलाच. बाजार समितीच्या आवारातही काटा असतो. एकदा नेहमीचा माल भरून गाडी काट्यावर न्या. आधी फक्त पुढचे चाक काट्यावर घ्या आणि वजन टिपून ठेवा. मग सबंध गाडी चढवा. एकूण वजनातून पुढच्या चाकाचे वजन वजा करा आणि उरलेल्याचे दोन भाग करा. तो एकेका मागच्या चाकाचा भार. समजा, एकूण ९५० किलो भरले आणि पुढे २७०. मागे राहिले ६८०, म्हणजे प्रत्येकी ३४०. अशा गाडीला मागे ७० अंकाचा टायर अपुरा पडेल, कारण तो ३३५ किलोंचाच धनी. आणि हे झाले गाडी उभी असतानाचे. खड्ड्यात आपटली, एका बाजूला कलली, की भार वाढतो. म्हणून अंकात चांगली शिल्लक हवी. काट्यावर वजन गाडीच्या परवान्यापेक्षा जास्त भरले, तर मात्र मोठा टायर शोधू नका, माल कमी करा. टायर जाड केल्याने आस आणि ब्रेक मजबूत होत नाहीत.

दुसरा एक मोह मोठ्या टायरचा. ‘मागे एक नंबर मोठा टायर टाकला की गाडी उंच होते, वेगही वाढतो,’ असे पुष्कळजण सांगतात. वेगाचे म्हणाल तर चाक मोठे झाले की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, हे खरे. पण इंजिनाची ताकद तीच. १६ इंची चाकाच्या जागी १७ इंची चाक आले, तर चाकाच्या ओढीत सुमारे ६ टक्के घट येते. सपाट रस्त्यावर ती जाणवणार नाही. तुळजापूरच्या घाटात पाच-सहा माणसे घेऊन चढताना मात्र क्लच जळल्याचा वास येऊ लागेल.

उंचीचे म्हणाल तर ती आणखी घातक. पुन्हा तिवई आठवा. गाडीच्या तीन चाकांना जोडून जमिनीवर त्रिकोण काढला, तर गाडीचा सारा भार त्या त्रिकोणाच्या आत पडायला हवा. वळणावर तो भार बाहेरच्या बाजूला ढकलला जातो, आणि वळताना ब्रेकही दाबला तर पुढे आणि बाहेर, म्हणजे त्रिकोणाच्या निमुळत्या बाजूकडे. गाडी जितकी उंच, तितका तो लवकर रेषेबाहेर जातो. मागची चाके मोठी करून आपण आपल्याच हाताने तिवईचे पाय लांब करीत असतो.

तिसरी चूक मागच्या दोन चाकांत दुजाभाव करण्याची. एका बाजूला ४.००-८ आणि दुसऱ्या बाजूला हाताशी होता म्हणून ३.५०-८. दोन्ही आठच्या रिमवर बसतात. परंतु पहिल्याची उंची १६ इंच, दुसऱ्याची १५. एका किलोमीटरला मोठे चाक सुमारे ७८० फेरे घेते, धाकटे सुमारे ८३५. दर किलोमीटरला पन्नासावर फेऱ्यांचा हा फरक गाडीच्या मागच्या दातेचक्रांना सोसावा लागतो. वळणावर दोन चाकांचा वेग वेगळा होतो, तेवढ्यापुरतीच ती सोय केलेली असते. सरळ रस्त्यावरही अहोरात्र तेच काम पडले, तर दाते झिजणार नाहीत तर काय! गाडी एका अंगाला ओढते ते निराळेच.

नव्या आणि जुन्या टायरची जोडीही अशीच विजोड असते. टायरची जाडी ५ मिलिमीटर झिजली, की चाकाचा घेर सुमारे ३१ मिलिमीटरने घटतो. म्हणून मागचे टायर बदलायचे तर जोडीने बदला. जोडीतला जो त्यातल्या त्यात बरा असेल, तो स्टेपनीला ठेवा.

मग टायर घ्यायला जाताना काय करावे? पहिली गोष्ट, गाडीसोबत मिळालेले पुस्तक काढा. त्यात पुढचे व मागचे माप, पी. आर. आणि हवेचे प्रमाण छापलेले असते. पुस्तक हरवले असेल, तर कंपनीच्या अधिकृत दुकानात गाडीचे मॉडेल सांगून विचारा. सध्या गाडीवर असलेला टायर पाहून माप ठरवू नका. गाडी जुनी घेतलेली असेल, तर आधीच्या मालकानेच चुकीचा टायर घातलेला असू शकतो. दुसरी गोष्ट, माप तेच घ्या, पी. आर. आणि भाराचा अंक तेवढा किंवा त्याहून अधिक असावा, कमी कधीही नको. तिसरी, आयएसआयचा शिक्का पाहा. दोन-तीन चाकी गाड्यांच्या टायरसाठी आय. एस. १५६२७ हे मानक आहे. चौथी, टायरचे वय पाहा. कुशीवर एका चौकटीत चार आकडे असतात. १८२४ असे असेल, तर तो टायर २०२४ सालच्या अठराव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी कोरी दिसते म्हणून वर्षानुवर्षे दुकानात पडून राहिलेला टायर घेऊ नका; रबर पडूनही म्हातारे होते.

पाचवी गोष्ट जुन्यावर नवा थर चढविलेल्या टायरची. गरिबाच्या धंद्यात त्याचा आधार आहे, हे मी जाणतो. घ्यायचाच तर चांगल्या ठिकाणचा घ्या आणि मागेच लावा. पुढच्या एकट्या चाकाला तो कदापि लावू नका. आणि जुना टायर कधी बदलावा? खोबणीच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे बारके उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली, की टायरचे आयुष्य संपले.

विजेवर चालणाऱ्या रिक्षा आता गावोगाव आल्या आहेत. त्यांच्या टायरवर कधी ३.७५-१२ असे जुने माप असते, तर कधी ९०/९०-१२ असे नवे. नव्या मापात पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी. दुसरा म्हणजे उंची रुंदीच्या किती टक्के. तिसरा रिमचा व्यास इंचांतच. ९० चे ९० टक्के म्हणजे ८१ मिलिमीटर. बारा इंचांचे झाले सुमारे ३०५. त्यात दोन वेळा ८१ मिळवा. एकूण ४६७ मिलिमीटर, म्हणजे साधारण साडेअठरा इंच. दोन भाषांतली मापे अशी एका भाषेत आणल्याशिवाय एकमेकांच्या जागी वापरू नका.

कायद्याचेही थोडे सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने, नोंदणी पुस्तकातला तपशील कारखान्याने ठरविलेल्या रचनेशी जुळेनासा होईल असा फेरबदल मालकाला गाडीत मनाने करता येत नाही. पण दंडाच्या भीतीपेक्षा पाठीमागे बसलेल्या माणसांची आठवण ठेवलेली बरी.

शाळांतल्या गुरुजनांना एक विनंती आहे. पुष्कळ मुले तीनचाकीतूनच शाळेत येतात. एखाद्या दिवशी परिघाचा धडा अंगणात घ्या. रिक्षावाल्या काकांना पाच मिनिटे थांबवा. टायरवर खडूची खूण करा, गाडी सरळ रेषेत एक फेरा ढकला आणि खुणेपासून खुणेपर्यंतचे अंतर मुलांकडून मोजून घ्या. १६ इंची चाक असेल तर सुमारे १२८ सेंटिमीटर भरेल. हवा कमी असेल तर थोडे कमी. मग दोन्ही बाजूंची मागची चाके तशीच मोजा. जुळली तर उत्तम. जुळली नाहीत, तर त्या गणिताचे उत्तर फळ्यावर लिहून थांबू नका, ते काकांच्याही कानावर घाला.

हवेविषयी शेवटचे. योग्य मापाचा टायरसुद्धा हवा कमी असेल, तर त्या स्कूटरच्या टायरसारखाच वागतो. हवा सकाळी, गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासावी. दुपारी टायर तापलेला असताना हवा जास्त दिसते. ती काढून टाकू नका. रात्री टायर निवला की तीच कमी पडते.

माझ्या त्या विद्यार्थ्याने गाडी दुरुस्त केली. चुलतीचा हात बरा झाला, पण पूर्वीसारखी भाकरी काही तिला थापता येत नाही. त्याने आता केबिनमध्ये हँडलच्या वर रंगाने तीन ओळी लिहिल्या आहेत: पुढचे माप, मागचे माप आणि हवा. टायरवाल्याने दुसरे काही पुढे केले, की तो त्या ओळींवर बोट ठेवतो. आपणही आपल्या गाडीत तेवढे लिहून ठेवावे, एवढीच माझी सूचना आहे. रंगाचा खर्च तो किती!